ठेक्यावरचे विद्यार्थी

भिलाईत आयआयटी आहे. मात्र २०१६ साली ती सुरू झाली तेव्हा ती भिलाईत नव्हती. रायपूरजवळच्या सेजबहारला, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, उसन्या जागेत होती. कायमच्या आवाराची कोनशिला पंतप्रधानांनी बसवली जून २०१८ मध्ये आणि लोकार्पण केलं २० फेब्रुवारी २०२४ ला, तेही जम्मूहून, बटण दाबून. मधल्या काळात ‘भिलाई’ची पदवी घेऊन जी मुलं बाहेर पडली, त्यातल्या काहींनी भिलाई पाहिली असेल ती आगगाडीच्या खिडकीतून. पहिल्या वर्षाच्या पोरांना ‘ही संस्था आपली माना’ असं सांगायचं असेल, तर आधी संस्थेनं आपल्या गावी राहायला यावं हे बरं.

आली एकदाची. कुटेलाभाठ्याला आता छान आवार आहे. वसतिगृहांना कन्हार, गोपद, इंद्रावती अशी नद्यांची नावं आहेत. दवाखाना आहे, समुपदेशक आहेत, मेस आहे आणि मेसच्या नावानं बोटं मोडायला मेस समितीही आहे. कुणाला एकटं वाटलंच, तर त्यासाठी ठरलेली खोली आहे आणि त्या खोलीत पगारी माणूस आहे. त्या पोरांचा मला हेवा नाही. आयआयटीतल्या पोराचा जीव काही कमी गुदमरत नाही. पण गुदमरल्यावर दार कुठलं ठोठावायचं, एवढं तरी त्याला ठाऊक असतं.

आता शहराच्या दुसऱ्या बाजूला या. नेवईला छत्तीसगड स्वामी विवेकानंद तंत्रविद्यापीठ आहे. २००५ पासूनचं. राज्यभरातली इंजिनिअरिंग कॉलेजं, पॉलिटेक्निकं याच्या छत्राखाली. छत्र म्हणायचं, कारण ते डोक्यावर असतं आणि हाताला लागत नाही. विद्यापीठात स्वतःचे वर्ग आहेत थोडे. बाकी बहुतेक मुलांनी विद्यापीठ पाहिलेलं नसतं. त्यांचं विद्यापीठ म्हणजे नामांकन क्रमांक, परीक्षेचा फॉर्म, निकालाच्या दिवशी बसणारं संकेतस्थळ आणि गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर मारावी लागणारी एक फेरी. ती फेरी मात्र सगळ्यांच्या लक्षात राहते. अंबिकापूरहून किंवा जगदलपूरहून आलेलं पोर खिडकीपाशी उभं राहतं, आतला माणूस ‘लंच के बाद’ म्हणतो, आणि विद्यापीठाची व विद्यार्थ्याची चार वर्षांतली एकमेव समोरासमोर भेट अशी पार पडते.

ज्यांचं नाव या विद्यापीठाला दिलंय, ते नरेंद्र दत्त १८७७ च्या सुमाराला, चौदाएक वर्षांचे असताना, वडिलांकडे रायपूरला येऊन राहिले होते. गावात तेव्हा धड शाळा नव्हती. मग वडीलच मुलाशी तासन्‌तास बोलत, वाद घालत, असं चरित्रकार सांगतात. म्हणजे शाळा नव्हती, पण बोलायला माणूस होता. आता त्यांच्या नावानं अख्खं तंत्रविद्यापीठ आहे. बोलायला माणूस तेवढा बघा कुठे मिळतो का.

बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.वाल्यांची गोष्ट आणखी मजेची. या मुलखाचं विद्यापीठ पहिल्यांदा होतं नागपूरला, १९२३ चं. मग १९४६ ला सागरला विद्यापीठ निघालं. १९६४ ला रायपूरला रविशंकर विद्यापीठ झालं. २०१५ साली ते भिलाईला खेटून असलेल्या खुद्द दुर्गात आलं; आता त्याला हेमचंद यादव विश्वविद्यालय म्हणतात. शंभराच्या वर कॉलेजं त्याला जोडलेली. शंभर वर्षांत विद्यापीठ विद्यार्थ्याकडे चालत चालत किती जवळ आलं पाहा! नागपूरपासून दुर्गच्या रायपूर नाक्यापर्यंत! आणि एवढं चालून त्यानं बरोबर काय आणलं? शिक्का.

(जाता जाता मराठी वाचकांसाठी: दुर्गच्या नामांकित सरकारी कॉलेजला विश्वनाथ यादव तामस्करांचं नाव आहे. कॉलेज १९५८ चं. तामस्कर आपले मराठी, दुर्गचे खासदार होते. स्टेशनवर उतरून ऑटोवाल्याला तामस्कर महाविद्यालय म्हणाल, तर तो तुमच्याकडे बघत राहील. साइन्स कॉलेज म्हणा, लगेच गिअर टाकतो. परप्रांतात आपण नावापुरते कसे उरतो, याचा अभ्यास करायला पीएच.डी. लागत नाही.)

या विद्यापीठांच्या परीक्षेच्या फॉर्मवर विद्यार्थ्यांच्या जाती असतात. म्हणजे त्या जाती नव्हेत, त्यांचा रकाना निराळा. या जाती अशा: नियमित, स्वाध्यायी आणि भूतपूर्व. नियमित म्हणजे कॉलेजात जाणारा, निदान नाव असलेला. स्वाध्यायी म्हणजे ‘प्रायव्हेट’: घरी अभ्यास करायचा, दुकानात किंवा शेतात राबायचं, परीक्षेला उगवायचं. भूतपूर्व म्हणजे नापास झालेला. विशीच्या आत माणसाला भूतपूर्व करून दाखवणारी दुसरी संस्था माझ्या माहितीत नाही. आमदारालासुद्धा त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागतं.

आता, ‘नियमित’ हा रकाना भिलाईला नवा नाही. हे शहर त्याच रकान्यावर उभं आहे.

२ फेब्रुवारी १९५५ ला सोव्हिएत रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रबाबूंच्या हस्ते पहिली झोतभट्टी पेटली. पंजाबी आले, बंगाली आले, मल्याळी, तेलुगू, ओडिया आले आणि अर्थातच ‘काय भाऊ’ म्हणत वऱ्हाड-नागपूरकडचे आले. कुणी कुणाची भाषा जाणत नव्हतं. कारखान्यानं त्यांच्यासाठी आपलेपणाची कार्यशाळा घेतली नाही. त्यानं क्वार्टर दिलं. सेक्टरमध्ये शाळा काढली, सेक्टर ९ ला मोठं इस्पितळ बांधलं, बाजार वसवला, झाडं लावली. माणूस घरात शिरला, पोरगं शाळेत गेलं, बायकोचं बाळंतपण इस्पितळात झालं, आणि मग त्याला आपोआपच वाटू लागलं की हे गाव आपलं. गणपती, दुर्गापूजा, ओणम या गोष्टी नंतरच्या. आधी नळाला पाणी.

पण हे सगळं ज्याच्या हाती कारखान्याचं नेमणूकपत्र होतं त्याला. त्याच फाटकातून रोज जी दुसरी माणसं आत जात, तोच धूर खात आणि तीच राख उपसत, ती ठेकेदाराची. त्यांना क्वार्टर नाही, सेक्टर ९ नाही. ज्यांच्या गावांवर कारखाना उभा राहिला, त्यातले पुष्कळ लोक या दुसऱ्या रांगेत सापडायचे. जोनाथन पॅरी नावाच्या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञानं १९९३ पासून भिलाईत येऊन-राहून हीच गोष्ट अभ्यासली आणि २०२० मध्ये जाडजूड ग्रंथ काढला. पक्क्या नोकरीवाले आणि ठेक्यावरचे हे एकाच कामगारवर्गाचे दोन थर नसून दोन वेगळे वर्गच झालेत, असं त्याचं म्हणणं. भिलाईतल्याच पॉवर हाऊस भागातल्या चहावाल्यानं हे त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, पण चहावाल्याच्या बोलण्याला तळटीपा नसतात.

तर माझं म्हणणं एवढंच, की या शहरानं आपल्या विद्यार्थ्यांची मांडणीसुद्धा फाटकावरच्या त्या दोन रांगांवरून उचलली आहे. कुटेलाभाठ्याचं पोर नियमित. त्याला क्वार्टर आहे, इस्पितळ आहे, वर समुपदेशक आहे. जुनवानी-कोहक्याच्या खासगी कॉलेजातलं पोर ठेक्यावरचं. विद्यापीठ मूळ मालक, कॉलेज ठेकेदार. काही बिनसलं तर कॉलेज विद्यापीठाकडे बोट दाखवतं आणि विद्यापीठ कॉलेजकडे. ठेक्याच्या कामाची ही तर मुख्य सोय असते.

तुम्ही म्हणाल, छे, कॉलेजात सगळे सेल आहेत. आहेत ना! हिंदीत त्यांना प्रकोष्ठ म्हणतात. तक्रार निवारण प्रकोष्ठ, रॅगिंगविरोधी प्रकोष्ठ, महिला प्रकोष्ठ, अनुसूचित जाती-जमाती प्रकोष्ठ, प्लेसमेंट प्रकोष्ठ. भिंतीवरचा फलक वाचत खाली आलात, तर एकाच सरांचं नाव तीनदा भेटतं. सर बिचारे दिवसाला पाच तास शिकवतात, पगार कधी महिन्यानं तर कधी दोन महिन्यांनी होतो, आणि उरलेल्या वेळात ते तीन प्रकारच्या दुःखांचं निवारण करतात. सरांची तक्रार कुठल्या प्रकोष्ठात घ्यायची, तेवढं फलकावर नाही.

कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात पाचवा निकष आहे तो विद्यार्थ्यांना आधार आणि त्यांची प्रगती यांचाच. त्यामुळे समिती यायच्या आधीचा महिना हा विद्यार्थ्यांना आधार देण्याचा हंगाम असतो. समुपदेशन कक्षाला रंग लागतो. आत टेबल येतं, टेबलावर टिशूपेपरचा डबा येतो. मेंटॉर-मेंटीच्या वह्या एका बैठकीत भरल्या जातात. प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला वीस-पंचवीस मुलं आणि प्रत्येक मुलापुढे शेरा एकच: ‘अभ्यासाबाबत मार्गदर्शन केले’. चार वर्षांत एकाही पोराला पैशांची अडचण नाही, घरी आजारपण नाही, प्रेमभंग नाही, हॉस्टेलच्या जेवणानं पोट बिघडलेलं नाही. एवढी सुखी पिढी या देशात याआधी झाली नसेल. समिती गेली की त्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

इथे एक आकडा देऊन ठेवतो. त्याच्यावर विनोद करणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिल्याची नोंद आहे. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला. २५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल देऊन सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता पाहिजेच. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नका, असंही सांगितलं. आणि टेलिमानसच्या १४४१६ सारखे मदतीचे क्रमांक वसतिगृहात, वर्गात, संकेतस्थळावर मोठ्या ठळक अक्षरांत लावा, असं सांगितलं.

यातली शेवटची आज्ञा सर्वांना फार आवडली. अक्षर मोठं करायला पदं भरावी लागत नाहीत.

माणूस नेमायचा म्हटलं की मात्र वित्त अधिकारी लागतो, जाहिरात लागते, आरक्षणाचा रोस्टर लागतो, कोर्टात कुणीतरी जातंच. मग मधला मार्ग निघतो: मानधनावर, आठवड्यातून दोन दिवस, अकरा महिन्यांचा करार. विद्यार्थी ठेक्यावरचा आणि त्याला धीर देणारी बाईही ठेक्यावरची. ती कुणाला सांगणार ‘काळजी करू नकोस, मी आहे’? तिचा करार मार्चमध्ये संपतो.

मधल्या मध्ये ही मुलं राहतात कशी? भिलाईच्या खऱ्या विद्यार्थी सेवा तुम्हाला स्मृतीनगर-जुनवानीच्या गल्ल्यांत दिसतील. घराच्या मागच्या बाजूला काढलेल्या तीन खोल्या, एक सामाईक संडास, साडेनऊला कुलूप लावणाऱ्या आंटी. टिफिनवाले भैया, जे पैसे थकले तरी दोन आठवडे डबा बंद करत नाहीत. झेरॉक्सवाला, ज्याला विद्यापीठाच्या सगळ्या फॉर्मांच्या शेवटच्या तारखा कुलसचिवांपेक्षा आधी कळतात. कोणत्या सरांना कधी भेटावं, ‘बोनाफाइड’साठी कुणाला गाठावं, पुनर्मूल्यांकनात खरंच गुण वाढतात की नुसते पैसे जातात, हे सगळं मार्गदर्शन त्याच्याकडे मिळतं. पानाला दोन रुपये, तेही झेरॉक्सचे. नॅकच्या पाचव्या निकषात या माणसाला गुण द्यायची सोय नाही.

आंटींचं फार कौतुक नको, त्या भाडंही चोख वाढवतात. आणि आडनाव ऐकून ‘खोली आत्ताच दिली’ असंही म्हणतात. बस्तरहून आलेल्या पोराला ‘तुम लोग मांस पकाते हो क्या’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जातो. त्यासाठी कुठलाही प्रकोष्ठ घराघरांत पोचत नाही. आदिवासी मुलांसाठी सरकारी वसतिगृहं आहेत. जागा आणि अर्ज यांचं गणित तिथल्या अधीक्षकाला विचारा, तो उत्तर न देता चहा मागवेल.

आणि आपली मराठी मंडळं? गोंदियाहून दुर्ग गाडीनं दोन-अडीच तास, नागपूरहून चार. विदर्भाच्या पूर्वेकडची पोरं इथे शिकायला येणं काही नवलाचं नाही. पोरगी पहिल्यांदा घराबाहेर पडलेली, पाणीपुरी मागितली तर ‘गुपचुप बोलो ना’ म्हणणाऱ्या गावात आलेली. मराठी मंडळाला तिचा पत्ता कधी लागतो? गणपतीत. अथर्वशीर्षाला आवाज कमी पडतात तेव्हा. मग ‘अगं, तू आपल्यातली ना, मग ये की!’ असं प्रेमानं बोलावणं होतं. ती येते, प्रसाद वाटते, नाटकात तिला मोलकरणीचं काम मिळतं, आणि अकराव्या दिवशी मंडळ आणि ती आपापल्या वाटेनं जातात. खोलीचं भाडं, तापात डबा, रात्रीच्या गाडीनं एकटी उतरणार असेल तर स्टेशनवर कुणी, यातलं काही कार्यक्रमपत्रिकेत नसतं. काही ठिकाणी मंडळं वसतिगृहंही चालवतात. त्यांना मनापासून नमस्कार. बाकीच्यांनी यंदा सत्काराच्या शाली चार कमी आणाव्यात.

ही काही मी नवी कल्पना काढलेली नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात वसतिगृह काढलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं, की खेड्यातल्या पोराला कॉलेजनं नाव घातलं म्हणून ते कॉलेजात टिकत नाही. रात्री अंग टाकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. पुण्यात डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती काढली १९५५ मध्ये, म्हणजे नेमकी भिलाईचा करार झाला त्या साली. तिकडे रशियाच्या मदतीनं पोलाद, इकडे पुणेकरांच्या मदतीनं खेड्यातल्या मुलांचं जेवण. पुणेकरांकडून मदत काढणं रशियापेक्षा अवघड असणार, तरीही समिती चालली, अजून चालते.

पण भिलाईनं उदाहरणासाठी पुण्याला यायचं कारण नाही. कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणींत हजारो मजूर ठेक्यावर होते. कंपनीचं इस्पितळ तिथे होतं, त्यांच्यासाठी नव्हतं. त्यांच्या युनियनची एक पुढारी बाई बाळंतपणात, वेळेवर उपचार न मिळून गेली. कामगारनेते शंकर गुहा नियोगींच्या त्या युनियननं मग मोर्चा काढला असेल, निवेदनं दिली असतील. पण पुढे आणखी एक गोष्ट केली. मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि स्वतःच्या घामानं १९८३ साली शहीद हॉस्पिटल उभं केलं. ते अजून चालू आहे. नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेत गोळी घातली. ठेक्यावरच्यांना माणसात मोजा, म्हणणाऱ्याचा हिशेब या शहरात असा झाला.

हे वाचून कुणा कुलगुरूंनी खूश होऊ नये. ‘विद्यार्थ्यांनी स्वयंस्फूर्तीनं परस्परसाहाय्य करावं’ असं परिपत्रक काढायचा मोह होईल. मजुरांनी दवाखाना बांधला तो कंपनीची जबाबदारी माफ करायला नव्हे, तिच्या नाकावर टिच्चून. पोरांनी आपापसात पैसे काढून आजारी मित्राला सेक्टर ९ ला नेलं, तर ते पोरांचं पुण्य. विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात त्याचा फोटो छापणं ही चोरी.

असो. आता एक शुद्ध व्यवहाराची गोष्ट.

विद्यापीठ अनुदान आयोगानं एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नवे नियम काढले. प्रत्येक विद्यापीठानं एक लोकपाल नेमायचा. निवृत्त न्यायाधीश किंवा माजी कुलगुरू अशा वजनाचा माणूस. कॉलेजनं ऐकलं नाही तर पोरानं त्याच्याकडे जायचं. विद्यापीठं थंड. डिसेंबरात आयोगानं पुन्हा पत्र धाडलं: ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत नेमा, नाहीतर नावं जाहीर करू. तरी जून २०२४ मध्ये आयोगाला १५७ विद्यापीठांची यादी छापावी लागली, ज्यांनी तोवर कुणालाच नेमलं नव्हतं. त्यातली बहुसंख्य सरकारी.

याच विद्यापीठांत परीक्षेचा फॉर्म एक दिवस उशिरा भरला तर विलंब शुल्क लागतं. आठवडा गेला तर ते वाढतं. त्यापुढे ‘विशेष विलंब शुल्क’, आणि मग दार बंद. पोराचा बाप नांगरणीत होता, गावात नेट नव्हतं, शिष्यवृत्ती खात्यात आली नाही, यातलं काहीही खिडकीवर चालत नाही. नियम म्हणजे नियम.

मग तोच दर लावा की. ३१ डिसेंबरपासून लोकपाल नेमल्याच्या दिवसापर्यंत दिवस मोजा, जेवढे विद्यार्थी तेवढ्यांनी गुणा, आणि रक्कम विद्यार्थ्यांच्या खात्यात भरा. पावती तीन प्रतींत, लंचनंतर.